"आमच्यात गणित न्हाईच!"

परवा मणेराजुरीला भावाकडं गेलो होतो. आठवीतल्या पुतणीला चाचणीत गणितात वीसपैकी सहा. वहिनी बेदाण्याची पट्टी, म्हणजे व्यापाऱ्यानं दिलेला विक्रीचा हिशेब, बघत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिला काय बोलू नका भावजी, आमच्या माहेरात कुणालाच गणित न्हाई." आणि त्याच दमात, "ह्यात तीस किलो तूट जादा धरलीय, दोन बॉक्स गेले की!" कागद नाही, पेन नाही.

रक्ताचा काहीच संबंध नसतो असं मी म्हणत नाही. एकसारखी जुळी आणि वेगवेगळी दिसणारी जुळी यांची तुलना करून हे मोजतात. चार देशांतल्या ११ हजार जोड्यांचा अभ्यास २०१० च्या सुमारास आला. बुद्धिमत्तेतल्या फरकात जनुकांचा वाटा नवव्या वर्षी ४१ टक्के, सतराव्या वर्षी ६६. म्हणजे वयाबरोबर तो वाढतो. मला आधी उलटंच वाटायचं.

पण हे टक्के माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत. तुमच्या पोरीचं ६६ टक्के डोकं आजोळचं, असा त्याचा अर्थ नाही. भावाचीच द्राक्षबाग घ्या. खालचा मुळांचा खुंट डॉगरिज जातीचा, वरचं वाणही एकच, सगळी कलमं. तरी खालच्या अंगाला पाणी साचतं तिथल्या घडांत साखर भरत नाही. तिथं वाणाला दोष देऊन काय उपयोग? सगळ्यांना सारखं पाणी मिळालं, तरच उरलेला फरक वाणाचा म्हणता येतो. अमेरिकेत २००३ मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांत हेच दिसलं: गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळपास शून्य, सुखवस्तू घरांत भरपूर. (युरोपात मात्र हा फरक तसा दिसत नाही, हेही सांगायला हवं.)

आणखी एक. रॉबर्ट प्लोमिन आणि युलिया कोवास यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांवर काम केलं. वाचनावर परिणाम करणारी जनुकं आणि गणितावरची, बऱ्याच अंशी तीच निघाली. आमची पुतणी दोन दिवसांत कादंबरी संपवते. मग गणितापुरतंच माहेर कुठून आडवं आलं?

वही उघडून बघितली. बीजगणिताच्या पायऱ्या बरोबर, घोळ सगळा अपूर्णांकांत. छेद वेगळे असले की ही सरळ वरचे वरचे, खालचे खालचे मिळवून मोकळी. विचारल्यावर कळलं, पाचवीत वर्षभर गणिताला शिक्षकच नव्हते.

रविवारी परत जातोय. वहिनींना सांगितलंय, पुढची पट्टी तिच्यासमोर बसून तपासा.