१२०० कॅलरीचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

नाशिकच्या गोदापार्कवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या गटात एक मेसेज फिरतोय: 'कुठल्याही बाईला दिवसाला १२०० कॅलरी पुरतात, तेल-तूप पूर्ण बंद करा.' परवा मीही तो पुढे पाठवला. चूक झाली, म्हणून हे लिहिते आहे.

शरीराला विश्रांतीतही किती ऊर्जा लागते हे काढायच्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने एका बाईचा हिशेब करून पाहिला. वजन ५५ किलो, उंची १५५ सेंमी, वय ४०: (१० × ५५) + (६.२५ × १५५) − (५ × ४०) − १६१, म्हणजे सुमारे ११५८ कॅलरी. एवढी ऊर्जा नुसतं पडून राहिलं तरी श्वास, हृदय, मेंदू यांनाच लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ५५ किलोच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी १६६० आणि मध्यम कष्टासाठी २१३० कॅलरी आहेत. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या बायकांना १२०० सांगणं म्हणजे त्यांना अर्धपोटी ठेवणं.

तेलाचंही तसंच. तेलातून मिळणारं लिनोलेइक आम्ल शरीराला लागतंच, पण ते शरीर स्वतः बनवू शकत नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवेतच. बेतानं घ्या, बंद करू नका.

गरोदरपण किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांनाच विचारा. माझा आधीचा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी तो काढून टाका आणि त्याच लोकांना हा खुलासा पाठवा.