व्हान्या कुणाचा मामा?

शनिवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही चौघं बसलो ते थेट साडेदहापर्यंत. विषय एकच, अँड्र्यू स्कॉटचा 'व्हान्या'. लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये २०२३ साली झालेल्या त्या प्रयोगाचं चित्रण आम्ही पडद्यावर पाहिलंय. रशियन नाटककार चेखवचं अख्खं नाटक, आठ पात्रं, आणि रंगमंचावर नट एकच.

बाळ्या म्हणाला, "असा तयारीचा नट मी पाहिलेला नाही. सोनिया झाला की हातात ओट्यावरचं फडकं, डॉक्टर झाला की चेंडू, हेलेना झाला की गळ्यातल्या साखळीशी चाळा. टोप नाही, मिशा नाहीत. तरी आता कोण बोलणार ते तोंड उघडायच्या आधी कळतं!"

यात वाद नाहीच. फडकं पिळणारी ती बोटं मलाही अजून दिसतात. माझं भांडण नावापासून सुरू होतं. मूळ नाटक 'अंकल व्हान्या'. आपणही अंकल म्हणतो आणि नातं हरवून बसतो. अरे, तो सोनियाचा मामा! ती त्याच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. इस्टेट घेतली ९५ हजार रुबलला, तीही बहिणीला लग्नात द्यायला. बापाने भरले ७० हजार. भावाने बहिणीसाठी स्वतःचा वाटा सोडला, दहा वर्षं राबून उरलेलं कर्ज फेडलं. पुढेही वर्षाला ५०० रुबलवर सगळा कारभार पाहिला. आणि पंचवीस वर्षांनी प्रोफेसर मेव्हणा येऊन म्हणतो, विकून टाकू. मराठी घरात हे कुणाला समजावून सांगायला नको.

"लंडनवाल्यांनी नावातून अंकल काढला," मी म्हटलं, "म्हणजे भाची काढली."

"नावावर काय जातोस? प्रयोगात आहे ना ती," बाळ्या.

"बोलायला आहे. ऐकायला नाही."

तिसरा अंक घ्या. डॉक्टर येलेनाला, म्हणजे लंडनवाल्यांच्या हेलेनाला, प्रोफेसरच्या दुसऱ्या बायकोला, नकाशे दाखवतोय. पन्नास वर्षांपूर्वी इथे जंगल होतं, हंस होते, आता बघा काय उरलंय. तो जीव तोडून सांगतोय आणि तिचं लक्षच नाही, ते तिच्या चेहऱ्यावर त्यालाही दिसतं. या प्रवेशाचा अर्धा जीव त्या न ऐकणाऱ्या चेहऱ्यात आहे. एकटा नट दोन चेहरे एकाच वेळी कुठून आणणार?

नंदू नाटकवाला, त्याने जुनी गोष्ट काढली. मॉस्को आर्ट थिएटरने १८९९ मध्ये हे नाटक केलं तेव्हा डॉक्टर ॲस्ट्रॉव्ह खुद्द दिग्दर्शक स्टॅनिस्लाव्स्की करायचा. चेखवने त्याला भूमिकेबद्दल सांगितलं ते इतकंच, की मामा रडतोय आणि हा शीळ घालतोय. स्टॅनिस्लाव्स्कीला आधी कळेना, मग करून बघितल्यावर कळलं.

"हेच!" मी म्हटलं. "एका गळ्यातून रडू आणि शीळ एकदम कशी निघणार?"

शमा तोवर गप्प होती. ती म्हणाली, "शेवट आठव. ज्या डोळ्यांत आत्ता मामाचं पाणी होतं, त्याच डोळ्यांनी सोनिया धीर देते. आपण विसावा घेऊ म्हणते. पाचसहा वेळा बघितलेल्या नाटकात मला पहिल्यांदा कळलं की ती स्वतःलाच सांगतेय. तिलाही कुणी नाही. हे दोन नटांत मला कधीच दिसलं नव्हतं."

मी जरा थांबलो. कारण तिथे मीही रडलो होतो.

पण त्याच जागी चेखवने कंसात लिहून ठेवलंय, सोनिया रुमालाने त्याचे डोळे पुसते. हात एकाचा, गाल दुसऱ्याचा. आयुष्यभर त्या माणसाने दुसऱ्यांसाठी खाल्लेल्या खस्ता, आणि त्याच्या वाट्याला आलेला हा एवढाच स्पर्श. तो कापला तर मामाला काय उरलं?

शमाने पर्समधून रुमाल काढून बाळ्याला दिला. "पूस बघू स्वतःचे डोळे." त्याने पुसले. "हेही खरंच असतं ना रे?" ती मला म्हणाली.

"खरं असतं. पण ते दुसरं नाटक झालं."

तिला पटलेलं नाही. पुढच्या शनिवारी ती चौथा अंक घेऊन येणार आहे. सोनियाचं ते शेवटचं बोलणं आधी एकाने वाचायचं, मग दुसऱ्याला समोर बसवून.