माथेरानची गैरसोय राहू दे, पण ती सोसायची कोणी?

माथेरानमध्ये ई-रिक्षा आल्यापासून माझ्या ओळखीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, संपलं माथेरान, आज ई-रिक्षा आली, उद्या टॅक्सी येईल. दुसरा म्हणतो, अजून किती वर्षं माणसाने माणसाला ओढत न्यायचं? मला दोघांचंही पटतं, म्हणून दोघांशीही भांडण होतं. सारखं तोंडी वाद घालण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

पहिल्या तटाचं म्हणणं आधी. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढून गेला आणि गोऱ्या साहेबांना उन्हाळ्यासाठी जागा सापडली. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी रेल्वे वर नेली. पण मोटार काही गावात शिरली नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि आसपासचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि या जुन्या रिवाजाला कायद्याचा आधार मिळाला. रुग्णवाहिका, अग्निशमन असं अत्यावश्यक काही सोडलं तर इंजिनाच्या गाडीला मनाई.

महाबळेश्वर-पाचगणीला हाच दर्जा २००१ मध्येच मिळालाय, म्हणजे माथेरानच्याही आधी. तरी मे महिन्यातल्या शनिवारी वेण्णा तलावाजवळ उभे राहून बघा. दर्जा दोन्हीकडे सारखाच आहे, पण तिथे गाडी थेट पॉइंटच्या तोंडाशी जाते आणि इथे दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढचे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चालायचं. ज्याला हे नको असतं तो येतच नाही. जो येतो तो मोठमोठ्या बॅगा आणत नाही. आणि सिमेंटची प्रत्येक गोणी घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर चढवायची म्हटल्यावर चार मजले ठोकायची हौस बरीचशी आपोआप जिरते. माथेरानचं जंगल वाचलं त्यात कायद्याचा वाटा आहेच, पण माझ्या मते गैरसोयीचा त्याहून मोठा आहे.

आता प्रश्न असा की ही गैरसोय आजवर कोणी सोसली? पर्यटकाने दोन दिवस, आणि तीही हौसेने. खरी सोसली ती हातरिक्षावाल्यांनी. एक पुढून ओढणार, दोघं मागून ढकलणार, उतारावर तिघांनी मिळून तीच गाडी जीव खाऊन रोखून धरायची. जुलैच्या चिखलात हे बघितलेल्या माणसाने 'पर्यावरणपूरक वाहन' हा शब्द त्यासाठी वापरून दाखवावा. सोसली ती दप्तर घेऊन ही वाट रोज तुडवणाऱ्या पोरांनी. गॅसच्या सिलिंडरपासून भाजीच्या जुडीपर्यंत प्रत्येक वस्तूवर वाहतुकीचा बोजा भरणाऱ्या गावातल्या घरांनी. खालच्या ठाकर-कातकरी वाड्यांतून रोजगारासाठी डोंगर चढून येणाऱ्या बायांनी. मुंबईकराला शुद्ध हवा मिळावी म्हणून हे सगळं चाललं होतं, आणि चर्चासत्रांत आपण त्याला शाश्वत पर्यटन म्हणत होतो.

डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा तीन महिन्यांसाठी चालवून पाहिल्या. पर्यटकाला ३५ रुपये, शाळकरी मुलाला ५ रुपये. गावातल्या आईबापांच्या लेखी या पाच रुपयांचं मोल काय होतं, हे शनिवार-रविवारी येणाऱ्यांना कळणं अवघड आहे. मग वीस ई-रिक्षांना परवानगी मिळाली, त्या कोणाला द्यायच्या यावरून वाद झाले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा असा आदेश दिला. न्यायालयाने १९८० सालच्या सायकलरिक्षाचालकांच्या निकालाची आठवण काढली आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही हेही सरकारला बजावलं. ई-रिक्षा आधी हातरिक्षावाल्यांना मिळाव्यात, हा त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. ओढणाऱ्याच्या हातून ओढणं सुटलं आणि गाडी मात्र दुसऱ्याच कोणाच्या नावावर लागली, तर हा न्याय निव्वळ कागदावरचा.

घोडेवाल्यांचा ई-रिक्षाला विरोध आहे. त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. साडेचारशेच्या आसपास घोड्यांवर कितीतरी घरं चालतात, पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर घोडे घसरतात ही त्यांची तक्रारही आहे. पण घोडा म्हणजे निसर्ग आणि बॅटरी म्हणजे विनाश, अशी सोपी वाटणी मला मान्य नाही. टापांनी माती सुटी होते, पहिल्या पावसात ती ओढ्यांतून खाली जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. उन्हाळ्यात हीच माती लिदीच्या भुकटीसह नाकात जाते. जांभ्याच्या डोंगराला मातीचा थर आधीच बेताचा.

या भांडणात एक गोष्ट मात्र सगळेच बाजूला ठेवतात, ती म्हणजे दस्तुरीचं पार्किंग. वाहनमुक्त गावाच्या दारात सुट्टीच्या दिवशी गाड्यांची जत्रा भरते. पार्किंग भरलं की नेरळचा घाट तुंबतो, वरच्यांना खाली येता येत नाही आणि खालचे वर जाऊ शकत नाहीत. वाहनबंदीने मोटार गावाबाहेर ठेवली, पण मोटारीतून येणाऱ्या माणसांच्या संख्येला कुठेच लगाम नाही. माणसाला लागतं पाणी, खोली, कचराकुंडी, आणि ते सगळं वरच लागतं. नगरपरिषद दस्तुरीला प्रवासी कर घेते, म्हणजे माणशी नोंद होतेच. मग त्या आकड्याला वरची मर्यादा घालायला काय हरकत आहे? कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि रोजची मर्यादा लावली, तेव्हाही बोंब झाली होतीच.

म्हणून मला भीती वीस किंवा पन्नास ई-रिक्षांची वाटत नाही. भीती अशी की आता चालावं लागत नाही म्हटल्यावर दस्तुरीला दुसरं पार्किंग निघेल, मग घाट रुंद होईल आणि वर्षानुवर्षं चर्चेत असलेल्या रोपवेचा विषय पुन्हा टेबलावर येईल. साताऱ्यात 'नवीन महाबळेश्वर' या नव्या गिरिस्थानाचे नकाशे निघायला लागलेत, त्यामुळे ही भीती अगदीच हवेतली नाही.

माथेरानच्या संवेदनशील क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या सनियंत्रण समितीने ई-रिक्षांचा आकडा ठरवताना पार्किंगकडे बघू नये. ९४ हातरिक्षांचे परवाने ज्यांच्याकडे होते, त्या घरांकडे बघावं, शाळेच्या पटाकडे बघावं. गावकरी, विद्यार्थी, आजारी आणि म्हातारी माणसं आधी, जागा उरली तर बाकीचे. गाड्या नेरळलाच अडवाव्यात. धडधाकट पर्यटकाने चालावं, आणि भाडं भरून घोड्यावर बसायचं असेल तर बसावं.

'मग लहान मुलं घेऊन आम्ही यायचंच नाही का?' असं कोणीतरी खाली विचारणारच. दस्तुरीला लागूनच अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरानच्या बाजारापर्यंत छोट्या रेल्वेची शटल धावते, नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात बंद असली तरीही. पोरांना तीच आवडते. तिच्या फेऱ्या आणि डबे वाढवा अशी मागणी करणारं एक पत्र मध्य रेल्वेला लिहायचा माझा विचार आहे, कोणाला सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये या.