शेवटच्या सत्रात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी काही अनुभवसिद्ध सूचना

अभियांत्रिकीच्या आठव्या सत्राच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावंडांनो, "आता काय, नुसता प्रोजेक्ट उरला" असे तुम्हाला घरीदारी सांगितले जात असेल, तर त्यावर जरूर विश्वास ठेवा. नाहीतर हे सत्र सुरू करण्याचे धैर्यच तुम्हाला होणार नाही. मी नुकतीच त्यातून पार पडले आहे, निदान माझी गुणपत्रिका तरी तसे म्हणते. महाविद्यालयाचे मत अजून वेगळे आहे, कारण माझ्या 'नो ड्यूज'च्या, म्हणजे कोणाचेही काही देणे उरलेले नाही अशा दाखल्याच्या, फॉर्मवर क्रीडा विभागाची सही नाही. परवा त्या सहीसाठी बंद दारासमोरच्या ओट्यावर दुपारभर बसले असताना मला जे ज्ञान प्राप्त झाले, ते तुमच्यापासून दडवून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रोजेक्टचा विषय गेल्या वर्षीचाच घ्यावा. तो गाइडना ओळखीचा असतो, ग्रंथालयात त्याची फाइल असते आणि निष्कर्षही तयार असतात. आमच्या गटाने कान्ह नदीचे पाणी तपासायचे ठरवले. 2021 साली आपल्या इंदूरला देशातील पहिले 'वॉटर प्लस' प्रशस्तिपत्र, म्हणजे शहराचे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यांत सोडले जात नाही असा दाखला, मिळाले, तेव्हा नदीत आता नेमके काय वाहते ते आपणही मोजून पाहावे, असा आमचा साधा विचार होता. कृष्णपुरा छत्रीजवळ दोरीला बाटली बांधून नमुने काढायचे, ते बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत आणायचे आणि बीओडीची चाचणी लावायची. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खर्च करतात, ते या चाचणीत कळते. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे त्यासाठी बाटल्या इनक्युबेटरमध्ये 27 अंश सेल्सिअसला 3 दिवस ठेवाव्या लागतात. आता गंमत पाहा. शनिवारी संध्याकाळी प्रयोगशाळेचा परिचर मेन स्विच बंद करून घरी जातो, कारण भिंतीवर 'बिजली बचाएँ' असे लिहिलेले आहे. सोमवारी दार उघडावे, तर आमच्या बाटल्या एप्रिलच्या उकाड्यात मुकाट शिजत पडलेल्या. म्हणून माझी सूचना अशी की नदीनेच सोमवारी घाण व्हावे, म्हणजे गुरुवारी आकडा हाती येतो आणि वीजही वाचते.

गटातल्या चौघांपैकी दोघे फक्त फोटोत दिसतील. त्यांच्यावर रागावू नका, सादरीकरणात सर्वांत खणखणीत आवाज त्यांचाच असतो.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्ह्यू ठेवला, तर त्यात नवल मानू नका. आदल्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघालेली असते, बाइंडिंगवाला स्वतःच नखशिखांत गुलाबी झालेला असतो आणि सूचना फलकावर मात्र मुदतवाढ मिळणार नसल्याचे लाल शाईत लिहिलेले असते.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीला घाबरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली याविषयी नियम केले. त्यांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि संदर्भसूची मोजायची नाही, आणि मुळात प्रोजेक्ट रिपोर्ट त्या नियमांच्या कक्षेतच येत नाहीत. पण हे सारे नियम वाचणाऱ्यांसाठी झाले. आमच्याकडे प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आणि ऋणनिर्देश यांचा मजकूर महाविद्यालयानेच दिला होता, तो सर्व गटांनी इमानेइतबारे उतरवला आणि मग त्याच मजकुरापायी आमचे साम्य मर्यादेबाहेर गेल्याचे सांगण्यात आले. प्राचार्यांचे आभार दरवर्षी नव्या शब्दांत मानावेत, एवढाच धडा यातून घ्यायचा.

बाइंडिंगकडे मात्र पूर्ण लक्ष द्या. काळे कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरे, डावीकडे दीड इंच समास. गाइडनी आमच्या मसुद्यावर पेन्सिलने केलेल्या साऱ्या खुणा समासाच्याच होत्या. बीओडीच्या तक्त्यात आम्ही एक आकडा दशांश चिन्ह चुकवून मुद्दाम अशक्य लिहून ठेवला होता, तो अखेरपर्यंत तसाच राहिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रत उघडली ती शेवटच्या पानावर. पृष्ठसंख्या पाहून ते समाधानाने "अच्छा काम किया है" म्हणाले आणि कचोरीची बशी त्यांनी त्याच प्रतीवर ठेवली. ती प्रत वाया गेली असे मात्र समजू नका. परवा विभागाच्या कार्यालयात गेले, तर खिडकीतल्या कूलरखाली मागच्या वर्षांच्या प्रती रचून ठेवलेल्या होत्या आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या प्रतीची सोनेरी अक्षरे अजून चमकत होती.

आणि आता 'नो ड्यूज'. ही पायरी सर्वांत शेवटी येत असली, तरी तिची तयारी पहिल्या सत्रापासूनच करावी. फॉर्मवर ग्रंथालय, प्रत्येक प्रयोगशाळा, वर्कशॉप, हॉस्टेल, क्रीडा विभाग, एनसीसी, लेखा विभाग आणि माजी विद्यार्थी संघ अशा सर्वांच्या सह्या लागतात. मी रामबागेत स्वतःच्या घरी राहून शिकले, म्हणजे मी हॉस्टेलमध्ये राहिले नाही, असे हॉस्टेलच्या वॉर्डनांनी लिहून द्यायचे, आणि वॉर्डन म्हणतात, "जो यहाँ रही ही नहीं, उसका मैं कैसे लिख दूँ?" तर्काच्या दृष्टीने या उत्तरात काहीही खोट नाही. ग्रंथालयात पुस्तक परत केलेले असते, ते फळीवर डोळ्यांना दिसत असते, पण नोंदवहीत ते अजून माझ्याच घरी असते. माजी विद्यार्थी संघाची वर्गणी भरल्याशिवाय आपण माजी होत नाही. अनामत रक्कम परत हवी असेल, तर पहिल्या वर्षीची मूळ पावती आणावी लागते. ती पावती छापली थर्मल कागदावर, त्यामुळे चार उन्हाळ्यांनंतर प्लास्टिकच्या पाकिटातून मी जे काढून दाखवले तो एक कोरा, किंचित पिवळा कागद होता. खिडकीतल्या बाबूंनी तो उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि "भिया, इसमें तो कुछ है ही नहीं" असे म्हणून तो मला सन्मानाने परत केला. राहता राहिला क्रीडा विभाग, जिथल्या बॅटला किंवा चेंडूला माझा कधी हातसुद्धा लागला नाही. तिथले सर सुटीवर आहेत. केव्हा येतील? आले की येतील. त्यांच्या जागी दुसरे कोणी सही करेल का? तसा अधिकार कोणालाही नाही.

आमच्या काकांनी जन्मभर सरकारी कचेरीत फायली हलवल्या. त्यांनासुद्धा फॉर्म पाहून हसू आले, आणि त्यांचे हसू पाहून माझे डोके फिरले. या शहरात रोज सकाळी दारात येणारी गाडी सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा घेऊन जाते, एका घराचा डायपर दुसऱ्या घराच्या बॅटरीत मिसळू देत नाही. आणि त्याच शहरातल्या महाविद्यालयाला आपल्या एका विद्यार्थिनीकडे चेंडू आहे की नाही, हे चार वर्षांत ठरवता येत नाही! पुण्याच्या कंपनीने रुजू होण्याची तारीख दिलेली आहे. त्यांना प्रोव्हिजनल प्रमाणपत्र हवे आहे. पदवी 180 दिवसांच्या आत द्यावी असे आयोगाचे 2008 सालचे विनियम सांगतात, डिजिलॉकरमधले प्रमाणपत्र मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानावे असे 2016 सालचे केंद्र सरकारचे नियम सांगतात. पण ते तिथे आधी चढवले तर पाहिजे, आणि चढवण्यासाठी लागतो हाच फॉर्म.

तेव्हा आता खिडकीपलीकडे बसलेल्या तुम्हा मंडळींशी बोलते. शुल्क घेताना तुम्हाला कोणाची सही लागली नाही. एक दिवस उशीर झाला की दंडाचा संदेश रात्रीसुद्धा येत होता. मी कोणते पुस्तक नेले, कोणती काचेची नळी फोडली आणि हॉस्टेलमध्ये राहिले की नाही, हे सारे तुमच्याच संगणकात आहे. ते पाहायचा तुम्हाला कंटाळा आहे, म्हणून ऐन उन्हात पोरांना या इमारतीतून त्या इमारतीत पळवता आणि त्याला प्रक्रिया म्हणता. जी प्रत तुम्ही उघडत नाही, तिच्या समासासाठी तीनदा छपाई करायला लावता आणि जी चाचणी विद्यार्थी मनापासून करतात तिची वीज तोडता. याची तुम्हाला लाज वाटायला हवी. सह्या हव्या असतील, तर तुम्ही एकाच आवारात बसता, आपापसांत गोळा करा. सुटीवर जाताना अधिकार दुसऱ्याकडे सोपवून जा. अनामत रक्कम ज्या खात्यातून घेतलीत त्याच खात्यात परत पाठवा, कोरी पावती मागू नका. आणि माझे प्रमाणपत्र सोमवारपर्यंत तयार ठेवा.