कॅन्सस आणि काठी

अमेरिकेत कॅन्ससमध्ये गुलामगिरी चालू द्यायची की नाही ह्या वादावरच्या लेखात, तो वाद म्हणजे निव्वळ जमीन आणि गुलामांचा हिशोब असं लिहिलंय, ते खरंय पण अर्धंच. मर्दानगीचं काय? मे 1856 मध्ये गुलामगिरीविरोधी सिनेटर समनरने सिनेटमध्ये दोन दिवस भाषण ठोकलं, त्यात गुलामगिरीच्या बाजूच्या सिनेटर बटलरची खिल्ली उडवली की हा स्वतःला मोठा शूर सरदार समजतो आणि ह्याची प्रेयसी कोण तर गुलामगिरी. बटलर तेव्हा हजर पण नव्हता. मग त्याच्या नात्यातला ब्रूक्स, हाऊसचा (संसदेच्या दुसऱ्या सभागृहाचा) मेंबर, 22 मेला सिनेटमध्ये घुसला आणि समनर डेस्कवर मान घालून काम करत बसलेला तिथेच सोन्याच्या मुठीच्या काठीने त्याला बदडला, काठीचे तुकडे होईपर्यंत. डेस्क जमिनीला ठोकलेलं, बिचाऱ्याला धड उठता पण येईना.

द्वंद्वाचं आव्हान का नाही दिलं? कारण ते बरोबरीच्या माणसाला द्यायचं असतं, आणि समनर ब्रूक्सच्या लेखी तसा नव्हताच! कोर्टात ब्रूक्सला दंड 300 डॉलर. साऊथमधून, म्हणजे गुलामगिरीवाल्या दक्षिणेकडच्या राज्यांतून, नव्या काठ्या भेट आल्या, राजीनामा देऊन गडी परत निवडून आला. आणि गंमत बघा, पुढे समनरच्या बाजूचा हाऊस मेंबर बर्लिंगेम ब्रूक्सशी द्वंद्वाला बंदूक घेऊन कॅनडात भेटायला तयार झाला तेव्हा हा वाघ गेलाच नाही, म्हणे वाटेत शत्रूचा मुलुख (उत्तरेकडची राज्यं) लागतो 😄