लग्नाच्या तारखेवरून वजनाचं टार्गेट ठरवू नका

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या सोलापुरात जिमच्या दारावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच जाहिरात फिरायला लागते: ‘३० दिवसांत १० किलो’. ती वाचून नाव नोंदवणाऱ्यांत होणारे नवरा-नवरी असतात, त्यांच्या आया असतात आणि डॉक्टरांनी ‘वजन कमी करा’ एवढंच सांगून घरी पाठवलेली चाळिशीतली माणसंही असतात. माझं मत स्पष्ट आहे. किती किलो उतरवायचे हे तारखेवरून ठरवलं की पुढचं सगळं चुकत जातं. ते स्वतःच्या शरीराच्या हिशोबावरून ठरवायचं. आणि किलोंचं उद्दिष्ट नंतर, आधी ताटाचं आणि पायांचं.

हिशोब मांडूनच बघू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलो म्हणजे ७७,०००. तीस दिवसांत ते व्हायचं तर रोज अडीच हजारांवर कॅलरींची तूट पडायला हवी. आता ३८ वर्षांचा, १६८ सेंटिमीटर उंचीचा, ८४ किलोचा, दुकानात गल्ल्यावर बसणारा पुरुष घ्या. वजन गुणिले १० म्हणजे ८४०. उंची गुणिले ६.२५ म्हणजे १,०५०. दोन्हींची बेरीज करून त्यातून वय गुणिले ५, म्हणजे १९० वजा करा. पुरुष असेल तर त्यात ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. इथे उत्तर येतं १,७०५. नुसतं पडून राहिलं तरी शरीर एवढं रोज जाळतं. बैठं काम आणि थोडी ये-जा असेल तर याला १.४ ने गुणायचं, यंत्रमागावर उभ्याने पाळी करणाऱ्याला १.६ किंवा १.७ ने. आपल्या गल्ल्यावरच्या माणसाचा दिवसाचा सगळा खर्च निघतो २,४०० च्या आत. म्हणजे त्याने महिनाभर नुसत्या पाण्यावर काढला तरी दहा किलो चरबी जात नाही.

मग काट्यावर आठवड्यात तीन किलो कमी दिसतात ते काय असतं? बहुतेक पाणी. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भाकरी-भात एकदम बंद केला की तो साठा रिकामा होतो आणि साठा-पाणी मिळून दीड-दोन किलो निघून जातं. त्यात बाहेरचं खाणं, पापड, लोणचं थांबल्यामुळे मीठ कमी होतं, तेही थोडं पाणी घेऊन जातं. लग्नात दोन दिवस व्यवस्थित जेवलं की हे सगळं परत येतं. माणूस म्हणतो, ‘बघा, दोन दिवसांत तीन किलो वाढलं, माझं शरीरच तसलं आहे.’ शरीर बरोबरच चाललेलं असतं. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावरून बाकीच्या आठवड्यांची अपेक्षा बांधली, तिथे चूक झाली. तिसऱ्या आठवड्यात डाएट सोडणाऱ्यांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

झेपेल असा वेग म्हणजे आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का. ८४ किलोवाल्याला ४०० ते ८०० ग्रॅम. मी त्यातही खालचा आकडा धरायला सांगेन. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर बारा आठवड्यांत कागदावर साडेपाच किलो होतात, आणि सणवार, पाहुणे, आजारपण धरून प्रत्यक्षात चार ते पाच. ऐकायला कमी वाटतं, पण वजनाच्या पाच टक्क्यांपासून रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) यांत फरक दिसू लागतो. पोटाचा घेर तर त्याआधीच सांगायला लागतो. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. टेप पँटच्या पट्ट्यावर लावू नका. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध लावा, आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचा.

एक तुलना प्रत्येकाने डोक्यात ठेवावी. सेमाग्लुटाइड या सध्या गाजणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लोकांचं वजन सरासरी सुमारे १५ टक्के उतरलं, आणि त्याला ६८ आठवडे लागले. म्हणजे ८४ किलोच्या माणसाला साधारण साडेबारा किलो, जवळजवळ सोळा महिन्यांत. भूक मारणारं एवढं जोरदार औषध जे सोळा महिन्यांत करतं, ते कुठलीशी पावडर महिन्यात करेल असं कुणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

वेगाने वजन उतरवणं प्रत्येक वेळी वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साधारण साडेआठशे कॅलरींवर ठेवलं. वर्षअखेरीस त्यांतल्या जवळपास निम्म्यांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. पण तिथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या, ठरावीक दिवसांनी तपासणी होत होती आणि मोजून बनवलेला पूर्ण आहार दिला जात होता. हे घरी काकडी आणि ताकावर करायचं काम नाही. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण निम्म्यावर आणलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि हे सात रस्त्याच्या गर्दीत गाडीवर असताना झालं तर काय होईल याचा विचार करा. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, मगच ताट बदला. आठवड्याला दीड किलोच्या वर वेग बरेच दिवस राहिला तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आणि उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळायला लागतात, तेव्हा कुणाला डाएट आठवत नाही, सगळे शाम्पू बदलतात.

आता ताटाकडे येऊ, कारण खरं काम इथे होतं. सोलापूरच्या स्वयंपाकघरात कॅलरी लपून बसतात त्या दोन जागी: शेंगदाण्याचा कूट आणि तेल. भाकरीला उगाच बदनाम केलंय. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साडेतीनशेच्या आत कॅलरी, तेवढ्याच ओट्समध्ये पावणेचारशेच्या पुढे. मंगळवेढ्याची ज्वारी सोडून डब्यातले ओट्स आणण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. फक्त भाकरी केवढी, हे बघा. एकदा परातीत घ्यायच्या आधी एका भाकरीचं पीठ काट्यावर ठेवा. साठ ग्रॅमची असेल तर दोनशे कॅलरी, शंभरची असेल तर साडेतीनशे. ‘मी दोनच भाकरी खातो’ म्हणणाऱ्या दोघांमध्ये एका जेवणाला तीनशे कॅलरींचा फरक असू शकतो.

कूट मात्र मोजावाच लागतो. शंभर ग्रॅमला पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी. चौघांच्या भरल्या वांग्यात वाटीभर कूट, म्हणजे शंभर ग्रॅम, पडला तर प्रत्येकाच्या वाट्याला नुसत्या कुटाच्या दीडशे कॅलरी, तेल वेगळं. तीच गोष्ट शेंगाचटणीची. एक भरलेला चमचा ऐंशी-नव्वद कॅलरी, आणि वर तेलाची धार सोडली की दोनशेकडे जातो. चटणी सोडा, असं मी कुणालाही सांगणार नाही. सोलापूरकर ती सोडणारही नाही. डब्यातून थेट ताटात न घेता एक सपाट चमचा वाढून घ्या, वर तेलाऐवजी दही घाला, आणि भाजीतला कूट निम्मा करा. चव टिकते.

तेलाचा हिशोब घरावरून काढा, भाजीगणिक नको. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज साधारण ३४० कॅलरी तेलातूनच जातात. तेच तीन लिटरवर आणलं की माणशी रोज सुमारे १३५ कॅलरी वाचतात, कुणाच्या ताटातली भाकरी न काढता. पाचशेच्या तुटीतला चौथा हिस्सा किराणाच्या यादीतच भरला. रविवारच्या मटणाला हेच लागू: फोडी खा, रस्सा घ्या, वरची तर्री डावाने बाजूला काढा.

प्रथिनं कमी पडली तर चरबीसोबत स्नायू झिजतात, आणि काटा खाली गेला तरी माणूस आजारी दिसायला लागतो. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर किलोमागे १.२ ग्रॅम तरी गाठा, आणि ते आजच्या वजनावर नको, जिथे पोचायचंय त्या वजनावर मोजा. ७५ किलोसाठी ९० ग्रॅम. शाकाहारी घरात हे आपोआप होत नाही, जुळवावं लागतं: ५० ग्रॅम कोरड्या सोयाच्या वड्यांतून २६, दिवसभरातल्या ६० ग्रॅम कच्च्या डाळीतून १३, १२० ग्रॅम ज्वारीतून १२, पन्नास ग्रॅम पनीरमधून ९, मूठभर मटकीतून ९, पाव लिटर दुधातून ८, वाटीभर दह्यातून ७. झाले ८४, नव्वदच्या जवळ. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत हे खरं, पण त्यातून २५ ग्रॅम घ्यायला पावणेसहाशे कॅलरी मोजाव्या लागतात. अंडी-चिकन चालत असेल तर काम सोपं: तीन अंड्यांतून १८, दीडशे ग्रॅम चिकनमधून ३० च्या वर.

रात्रीचं जेवण बंद करणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. संध्याकाळी सहा ते दहा तग धरता येतो, साडेदहाला चिवड्याचा डबा उघडतो. आठ वाजता एक भाकरी, वाटीभर घट्ट डाळ आणि भाजी खाल्ली असती तर त्या चिवड्यापेक्षा कमीच कॅलरी पोटात गेल्या असत्या.

चालण्याकडून फार मागू नका. ८४ किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर दोनशे-अडीचशे कॅलरी जातात, आणि एक शेंगापोळी ते भरून काढून वर काही उरवते. तरीही चाला. साखर ताब्यात राहते, झोप लागते, आणि उतरलेलं वजन टिकवायला चालण्यासारखं दुसरं काही नाही. मार्चपासून होम मैदानावर किंवा संभाजी तलावाकडे जाणाऱ्यांनी सकाळी सातच्या आत परतावं. घाम यावा म्हणून प्लॅस्टिकचं जॅकेट घालून पळणारे दिसले तर त्यांना थांबवा. त्याने चरबी जात नाही, जातं ते पाणी, आणि चाळीस अंशांच्या गावात तो उष्माघाताला निमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

शरीराचा आकार बदलायचा असेल तर वजनं उचलावी लागतात. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं. उठाबशा, जोर, डंबेल ओढणं, जमिनीवरून वजन उचलणं, डोक्यावर ढकलणं. प्रत्येकाचे तीन सेट, आठ ते बारा वेळा, शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा वेळा आरामात व्हायला लागलं की पुढच्या खेपेला वजन थोडं वाढवायचं. नवख्या पुरुषाचा महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू वाढला तरी उत्तम, बाईचा साधारण त्याच्या निम्मा. ‘बारीक पण पिळदार’ बारा आठवड्यांत होण्याचे फोटो जे दाखवतात, त्यांत ‘आधी’चा फोटो पोट सोडून ट्यूबलाइटखाली काढलेला असतो आणि ‘नंतर’चा व्यायाम करून, पाणी तोडून, वरून पडणाऱ्या उजेडात. काहींत स्टेरॉइडची इंजेक्शनंही असतात. पोटावरच्या वड्या दिसायला पुरुषाची चरबी दहा-बारा टक्क्यांपर्यंत उतरावी लागते. पंचवीस-तीस टक्क्यांवरून तिथपर्यंत वर्ष सहज जातं. जिममध्ये कुणी ‘फॅट बर्नर’ म्हणून थायरॉइडच्या किंवा लघवीच्या गोळ्या देत असेल तर तिथून बाहेर पडा.

काटा रोज बघायचा असेल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. रोजच्या आकड्याला किंमत देऊ नका, सात दिवसांची सरासरी काढून वहीत लिहा. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी चढतं, म्हणून बायकांनी या महिन्याचा दुसरा आठवडा मागच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याशी ताडून बघावा. सरासरी तीन आठवडे हललीच नाही आणि घेरही तसाच राहिला, तर आधी कूट-तेल पुन्हा मोजा. बहुतेक वेळा सुरुवातीचा सपाट चमचा एव्हाना भरलेला झालेला असतो. मोजमाप बरोबर निघालं तरच शंभर-दीडशे कॅलरी आणखी कमी करा. पुरुषांनी १,५०० आणि बायकांनी १,२०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, अठराच्या आतल्या मुलामुलींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तूट धरूच नये.

आणि लग्न दहा आठवड्यांवर आलंच असेल तर? चार किलो आणि कंबरेचे चार-पाच सेंटिमीटर एवढं धरून चला, आणि ब्लाउजचं-शेरवानीचं माप शेवटच्या पंधरा दिवसांत द्या. बारा आठवडे पूर्ण झाले की लगेच दुसरी फेरी सुरू करू नका. दोन-तीन आठवडे तूट थांबवा: दिवसाला एक भाकरी आणि वाटीभर डाळ वाढवा, चालणं आणि वजनं उचलणं तसंच ठेवा. काटा एक-दीड किलो वर जाईल, ते ग्लायकोजेन आणि पाणी आहे. तिथे सरासरी स्थिर झाली की नव्या वजनावर खर्चाचा हिशोब परत मांडा, कारण ७९ किलोच्या शरीराचा खर्च ८४ च्या शरीरापेक्षा कमी असतो आणि जुन्या आकड्यातून काढलेली तूट तेवढीच राहत नाही.