चामडं तेलात तळून चिलखत होत नाही

मध्ययुगीन युद्धखेळाच्या नवशिक्यांत एक मजकूर सारखा फिरत असतो. मला गेल्या महिन्यात तिघांनी पाठवला, त्यात एक पुण्याचा मावसभाऊ. म्हणणं थोडक्यात असं: चामडं उकळत्या तेलात टाकलं की पोलादासारखं होतं आणि वजन राहतं पोलादाच्या चौथाई. म्हणूनच मध्ययुगातले शहाणे योद्धे लोखंड सोडून चामड्याच्या बाह्या घालत. तुम्हीही जुन्या सोफ्याचं चामडं घ्या, कढईत टाका, वरून मेण पाजा आणि मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत गुंडाळा. झालं बाहुत्राण, म्हणजे हाताचं चिलखत.

मी अमेरिकेत वेताच्या तलवारींनी खेळतो आणि हातावरचं चिलखत स्वतः करतो. त्यामुळे एकेक मुद्दा घेतो.

तेलापासून सुरुवात करू. घोळ नावातून झालाय. या कडक चामड्याला फ्रेंचमध्ये ‘क्वीर बुयी’ म्हणतात, म्हणजे उकळलेलं चामडं. पण नावात तेल नाही, आणि खरं तर उकळणंही नको. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं साधारण ७० ते ८५ अंशांच्या पाण्यात गेलं की त्यातले कोलॅजेनचे धागे आखडतात. तुकडा लहान होतो, जाड होतो आणि वाळल्यावर लाकडासारखा टणक होतो. तेवढंच हवं असतं. पुऱ्या तळायचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं. त्यात चामड्याचा कुरकुरीत वडा होईल, शिवाय घराला आग लागायची भीती वेगळीच.

माझी पहिली जोडी मी तेलात नाही, पण खळखळत्या पाण्यात घातली होती. मिनिटभरात तुकडा पापडासारखा वळला. वाळल्यावर टकटक वाजणारा, दिसायला झकास. तालमीत दुसऱ्याच फटक्याला लांबीभर तडकला. आता आधी दहा सेंटिमीटरची पट्टी कापतो, गार पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवतो, मग थर्मामीटर लावून ८० अंशांच्या पाण्यात वीस-तीस सेकंद धरतो. बोटांखाली ती आखडताना कळते, जणू आतून कुणी ओढतंय. बाहेर काढून मोजायची. नऊ सेंटिमीटर भरली तर कागदी साचा त्या हिशेबाने मोठा करायचा. मऊ आहे तोवर हाताच्या आकाराच्या ठोकळ्यावर बांधून ठेवायची आणि पंख्याखाली वाळवायची, उन्हात नाही. प्रत्येक कातड्याची चाल वेगळी, म्हणून पट्टी दर वेळी नवी.

सोफ्याचं चामडं तर बादच. ते बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, मऊ राहावं आणि उष्णता सोसावी म्हणूनच. ८० अंशांच्या पाण्यात ते जवळपास ढिम्म राहतं. लागतं ते बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेल्या जातीचं, कोल्हापुरी चपलेच्या तळाला असतं तसलं. चांभाराच्या रापीने कड कापून पाहा. आतून निळसर-राखाडी दिसलं तर ते बहुतेक क्रोमचं, आरपार तपकिरी असेल तर कामाचं.

वजनाचा दावा कागदावरच तपासता येतो. हातासाठी १.२ मिलिमीटर पोलादी पत्रा पुष्कळ जण वापरतात. चौरस मीटरला तो साधारण साडेनऊ किलो भरतो. बाहीचं चामडं पाच मिलिमीटर जाड लागतं, आणि ते चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास जातं. म्हणजे निम्मं, चौथाई नव्हे. आणि पाच मिलिमीटर चामडं त्या पत्र्याच्या तोडीचं मुळीच नाही. वेताचा दणका ते पसरवतं, झेलतं. पण बोहर्ट म्हणजे पोलादी तलवारींच्या पूर्ण ताकदीच्या लढतीत नुसत्या चामड्यावर उतरणं हा वेडेपणा.

इतिहासाचा मुद्दा मात्र रंगतदार आहे, कारण चामडी चिलखतं होतीच. ब्रिटिश म्युझियममध्ये चौदाव्या शतकातलं नक्षीदार चामड्याचं बाहुत्राण आहे. १२७८ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने विंडसर पार्कात सामने भरवले, त्याचा खरेदीचा हिशेब टिकलाय. त्यात अडतीस जणांसाठी चामडी चिलखतं आहेत, आणि तलवारी? देवमाशाचं हाड आणि चर्मपत्र यांच्या! थोडक्यात, बोथट हत्यारांच्या खेळासाठी चामडं. आम्ही वेताच्या काठीसमोर जे घालतो त्याचे हे पणजोबा.

खऱ्या रणांगणावर चामडं लोखंडाऐवजी नव्हे, लोखंडाच्या जोडीने दिसतं. स्वित्झर्लंडमधल्या झेम्पाखच्या लढाईत १३८६ साली पडलेल्या वाल्टर फोन होहेनक्लिंगन या सरदाराच्या समाधीशिल्पावर हातापायांना उभ्या पट्ट्यांचं चिलखत आहे. अशा कामात चामड्याच्या किंवा कापडाच्या मऊ थरावर लोखंडी पट्ट्या रिव्हेटने ठोकलेल्या असत. ज्याला परवडलं तो पुढे सरळ पोलादी बाहीकडे गेला. मला स्वतःला ही पट्ट्यांची बाहीच सगळ्यात आवडते. करायला सोपी, दिसायला देखणी, आणि एक पट्टी वाकली तर तेवढीच बदलायची.

मेण चालतं. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झालेल्या, मध्ययुगीन युद्धखेळ भरवणाऱ्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझमच्या नियमांत गरम मेणात कडक केलेलं जाड चामडं मान्य आहे. फक्त मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. इथल्या ऑगस्टच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेली बाही संध्याकाळी चपटी होऊन निघाली, असं आमच्यात एकाचं झालंय. मेण पातळ करताना भांडं थेट जाळावर ठेवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा.

आणि सगळ्यात घातक म्हणजे ते ‘कोपराच्या खालपर्यंत’. हाताच्या नळीला बसलेला फटका बहुधा काळानिळा डाग देतो आणि तो काही दिवसांत जातो. कोपराच्या टोकावर मांस नसतं, तिथे हाड थेट कातडीखाली आहे. वर सांगितलेल्या नियमांत कोपराला कडक आवरण आणि आत गादी सक्तीची आहे, ती उगाच नाही. सपाट तुकडा तिथे वळत नाही, ओलं असताना वाटीसारखं ठोकून काढावं लागतं. मला तीन वाट्या फुकट घालवाव्या लागल्या, चौथी जमली. मावसभावाला कळवलंय, कढई परत कपाटात ठेव आणि आधी कोपराची वाटी कर.